टेबलावरची दुसरी ओळ

फोन आला तेव्हा मी चाकूरजवळच्या माझ्या नव्या गावात ग्रामपंचायतीच्या फलकावर ग्रामसभेची नोटीस चिकटवत होते. दोन्ही हातांना खळ लागलेली, म्हणून शिपायानेच फोन माझ्या कानाला धरला. पलीकडे पाथरवाडीची रेखा होती. तिथल्या ग्रामपंचायतीत संगणकावर दाखले काढून देणारी ही मुलगी एरवी एका दमात चार वाक्यं बोलते. त्या दिवशी एकच बोलली, "मॅडम, दौलतदादा गेले..." आणि थांबली. मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, "पहाटं. नांदेडच्या दवाखान्यात." मी "बरं" म्हटलं. नोटिशीचा चौथा कोपरा राहिला होता, तो दाबून चिकटवला. मग आत जाऊन खुर्चीवर बसले. हातावरची खळ वाळून तिचे पापुद्रे सुटायला लागले, तरी उठले नाही. शिपाई दोनदा पाणी घेऊन आला आणि दोनदा तसाच परत गेला.

मी ग्रामसेविका आहे. ग्रामपंचायतीचे कागद सांभाळणं आणि गावाची कामं तालुक्याला, जिल्ह्याला नेऊन पोचवणं हे माझं काम. आमच्याकडे ग्रामसेवकाला 'भाऊसाहेब' म्हणायची पद्धत आहे. खुर्चीवर बाई आली की लोक गोंधळतात, कुणी मॅडम म्हणतं, कुणी ताई. सात-आठ वर्षांपूर्वी भोकर तालुक्यातल्या पाथरवाडीला मी रुजू झाले, त्या दिवशी पांढरा सदरा घातलेला, भुवया आणि मिशाही पांढऱ्या झालेला एक उंच माणूस दारात उभा राहिला आणि त्याने विचारलं, "भाऊसाहेब कुठायत?" मी म्हटलं, "मीच आहे." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, "मग तुमीच भाऊसाहेब. मी दौलत. सरपंच." तेव्हापासून शेवटपर्यंत मी त्यांची भाऊसाहेबच राहिले. त्यांच्या भुवया वयाने पांढऱ्या नव्हत्या, हे मला संध्याकाळी घरी जाऊन आरशात पाहिल्यावर कळलं. माझ्याही तशाच झाल्या होत्या.

पाथरवाडीच्या मागे काळ्या दगडाची टेकडी आहे. चहूकडे रस्ते रुंद व्हायला लागले तशी खडी लागायला लागली आणि टेकडीच्या पायथ्याला पहिला क्रशर आला, दगड फोडून त्याची खडी करणारं यंत्र. मग दुसरा आला, मग ओळच लागली. शेजारच्या चार गावांतही तेच झालं. दगड फोडायला, गाड्या भरायला माणसं आली. बरीचशी सीमेपलीकडून, तेलुगू बोलणारी, काही किनवटकडची, काही आमच्या लातूरकडची. टेकडीखाली पत्र्याच्या खोल्यांची वसाहत उभी राहिली. तिच्यामागून पंक्चरवाला आला, चिकनचं दुकान आलं, मोबाईलचं दुकान आलं, हायवा म्हणतात त्या मोठ्या टिप्परगाड्यांचं गॅरेज आलं. माझ्या डोळ्यांदेखत गाव दुप्पट झालं असेल, किंवा जास्तच. कागदावरचं गाव मात्र जेवढं होतं तेवढंच राहिलं, कारण सरकार मोजतं ते मागच्या जनगणनेनुसार. रेशन, अंगणवाडी, नळ, शाळा... जे काही मागायला जावं तिथे जुना आकडा समोर यायचा आणि बाबू म्हणायचा, "मॅडम, तुमच्या गावाला एवढं बसत नाही."

आणि धूळ. कुणी पाथरवाडीबद्दल विचारलं तर मी आधी धुळीबद्दल सांगते. सकाळी टेबल पुसलं की चहापर्यंत पुन्हा पांढरा थर, जेवणापर्यंत दुसरा. मी स्वच्छतेची कडक. दप्तरात पिवळं फडकं ठेवायचे आणि दिवसातून तीनदा टेबल पुसायचे. दादा माझ्या फडक्याला हसायचे. मी कार्यालयात नसताना आले तर ते रेखाजवळ निरोप ठेवत नसत, चिठ्ठी लिहीत नसत. टेबलावरच्या धुळीत बोटाने लिहून जायचे, 'येऊन गेलो'. अक्षर मोठं, गोल, चौथीच्या वर्गात गिरवल्यासारखं. शाळा चौथीपर्यंतच झालेली. मी एकदा म्हटलं, "दादा, कागद आहे, पेन आहे, फोन आहे. हे काय?" तर म्हणाले, "कागुद फजूल घालवायचा न्हाई. धूळ फुकट हाय गावात. अन तुमी यायच्या आत कुणी पुसत न्हाई, तुमीच पुसता. म्हंजे तुमाला पोचलं. ही माझी पोच समजा."

पोच हा त्यांचा आवडता शब्द होता. सरकारी कार्यालयात अर्ज दिला की त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, ती पोच. दादा अर्जाला 'दरखास्त' म्हणायचे, निजामाच्या काळातला शब्द वडिलांकडून आलेला. दरखास्त विसरली तरी चालेल, पोच विसरायची नाही, असा त्यांचा दंडक. त्यांची सरपंचपदाची मुदत संपली, दुसरा सरपंच आला, तरी दरखास्ती द्यायला दादाच जायचे. नव्या सरपंचालाही ते सोयीचं होतं. दर पंधरा-वीस दिवसांनी आम्ही भोकरहून एसटीने नांदेडला निघायचो, मी खिडकीशी, दादा पुढच्या बाकावर. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी असे आणि पिशवीत दुसरा सदरा. नांदेडच्या बसस्टँडवर नळाखाली तोंड, मान, हात घासून धुवायचे, धुळीचा सदरा पिशवीत, धुतलेला अंगात, आणि मगच कार्यालयाचा रस्ता. म्हणायचे, "साहेबापुढं माणसानं माणसासारखं जावं."

खाणपट्ट्यातल्या पाचही गावांची रडगाणी सारखीच होती. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एक लांबलचक निवेदन केलं होतं. त्यात रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा, धुळीसाठी पाणी मारणं, गाड्यांचा वेग, सगळं होतं. कागद पान उलटून पुढे गेला होता. दादांनी बैठकीत तो वाचायला लावला आणि म्हणाले, "धा मागण्या लिवल्या की साहेब धावीपर्यंत जात न्हाई, अन तोवर पहिली इसरतो. एका कागदावर एकच मागायचं. मिळस्तोवर तेच मागायचं." कुणीतरी म्हणालं, मोर्चा काढू. दादा म्हणाले, "मोर्चात फोटू निघतो. खोली न्हाई निघत." पाच गावांत वाद होऊन होऊन शेवटी ठरलं की प्रत्येक गावाने आपली एक गोष्ट निवडायची आणि बाकीच्या चार गावांनी तिच्यासाठी सोबत जायचं. पाथरवाडीने निवडल्या शाळेच्या आणखी दोन खोल्या. दगडधोंड्यांवर सरकारला जे मिळतं त्यातला काही भाग खाणींच्या गावांसाठी ठेवलेला असतो, त्यातून त्या मागायच्या. एका क्रशरमालकाने निरोप पाठवला होता की खोल्या मीच बांधून देतो, वर वडिलांचं नाव टाका. दादा नको म्हणाले. माझ्या व्यवहारी डोक्याला ते पटलं नाही, मी तसं बोललेही. ते म्हणाले, "भाऊसाहेब, त्याचा दगड संपला की तो जाणार. मग खोली कुणाची? सरकारनं दिली तर सरकारला जाब इचारता येतो."

शाळेची अवस्था अशी होती की दोन खोल्या, दोन शिक्षक आणि वसाहतीतली मुलं धरून वर्गात पाय ठेवायला जागा नाही. पण वसाहतीतल्या मुलांची नावं पटावर नव्हती, कारण जन्मदाखले नाहीत, आधीच्या शाळेचे दाखले नाहीत. गुरुजी भले माणूस, त्यांना बसू द्यायचे, खिचडीही वाढायचे, पण पटावर घ्यायला घाबरायचे. पटावर मुलं नाहीत म्हणून खोल्या नाहीत, आणि खोल्या नाहीत म्हणून गुरुजी पट वाढवत नाहीत. दादा रोज सकाळी वसाहतीतल्या पत्र्याच्या दारांसमोर उभे राहून मोडक्या तेलुगूत विचारायचे, "एंत मंदि पिल्ललु?" म्हणजे पोरं किती? बायका हसायच्या, कारण त्यांचं तेलुगू एवढंच होतं. पुढचं हाताने. तरी मुलं यायची.

दोन वर्षं दर खेपेला एकच दरखास्त देऊन झाल्यावर एक दिवस पत्र आलं की जिल्ह्याहून साहेब प्रत्यक्ष पाहणीला येणार. आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही, पण ते गाळून दौलतदादांवर लिहिण्यात काही अर्थ नाही.

साहेब येणार म्हटल्यावर मी ग्रामसेविकेला शिकवलेलं असतं ते सगळं केलं. आदल्या दिवशी शाळा झाडून, धुऊन घेतली. भिंतींना चुना लावला. क्रशरवाल्यांचा टँकर मागवून रस्त्यावर पाणी मारलं, कधी नव्हे ती धूळ बसली. दारात रांगोळी. तालुक्याहून खुर्च्या आणल्या, त्यांना पांढरी कव्हरं घातली. दादाही उत्साहात होते, त्यांनी घरून नारळ आणला. आणि सगळं झाल्यावर, संध्याकाळी निघताना, मी गुरुजींना म्हणाले, "ज्यांना गणवेश नाही त्यांना उद्या येऊ नका म्हणा. साहेबांसमोर बरं दिसत नाही." गुरुजींनी मान हलवली. दादा शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलणार होते... बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. ओल्या रस्त्यावरून गाडी आली. स्वच्छ खोल्यांत, गणवेशातली, रांगेत बसलेली गावची मुलं, एका बाकावर दोन. मागचे बाक रिकामे. मुलांनी स्वागतगीत म्हटलं. साहेबांनी चहा घेतला, शाळा छान ठेवली आहे म्हणून माझं कौतुक केलं आणि गेले. महिन्याने पत्र आलं. 'पाहणीवेळी उपलब्ध वर्गखोल्या पटाच्या मानाने पुरेशा आढळल्या.' पत्र मी वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला कळलं की या ओळीतला एकेक शब्द मीच साहेबांच्या हाताने लिहून घेतला आहे. दोन वर्षांच्या पोचा मी एका सकाळीत धुऊन टाकल्या होत्या.

दादा आले तेव्हा मी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते बराच वेळ टेबलाच्या कडेला बसलेली धूळ बोटाने गोळा करत राहिले. मग म्हणाले, "भाऊसाहेब, मी तिसरीत होतो. तपासनीस साहेब यायचे होते शाळंला. गुरुजीनं आदल्या दिशी आमच्या गल्लीत येऊन सांगितलं, उद्या तुमची पोरं पाठवू नका, कपडे धड न्हाईत. माय म्हनली, धुऊन घालते की. गुरुजी म्हनले, तरी नको." एवढंच. त्यांची गल्ली म्हणजे गावाच्या खालच्या अंगाची, बौद्धांची. माझ्या डोक्यात गणवेशापलीकडे काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या गुरुजींच्या डोक्यात तरी कपड्यांपलीकडे काही होतं असं ते स्वतः म्हणाले असते का? मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं." ते उठत म्हणाले, "मी बी तिथंच व्हतो की उभा. बोललो न्हाई. चला, आता नवी दरखास्त लिवा. एकच मागणी लिवा. साहेबांनी परत यावं."

त्या दिवसानंतर त्यांनी नांदेडला जाताना पिशवीत दुसरा सदरा घेतला नाही. बसस्टँडच्या नळावरूनही सरळ पुढे. मी अडखळले, तर म्हणाले, "जसं हाय तसं बघू द्या त्यांना." साहेबांच्या दालनात काळ्या रेक्झिनच्या खुर्च्या होत्या. आम्ही बसलो. साहेब तुटकपणे बोलत होते, पाहणी झालेली आहे, पुन्हा पुन्हा तेच काय, मलाही तालुक्यांची रांग आहे. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. दादांनी वाद घातला नाही. "बरं साहेब," म्हणून उठले, नमस्कार केला. आणि उठले तेव्हा त्या काळ्या खुर्चीवर त्यांचा पांढरा ठसा राहिला. पाठ, मांड्या, खुर्चीच्या हातांवर टेकलेले दोन्ही कोपर... अख्खा माणूस. मी सवयीने पर्समधून फडकं काढलं. दादांनी माझं मनगट धरलं. सात वर्षांत एकदाच त्यांनी मला हात लावला असेल. साहेब खुर्चीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे रोजचं?" दादा म्हणाले, "आज कमी हाय साहेब. एसटीत झटकलो." साहेबांनी वही ओढली आणि म्हणाले, "कधी येऊ ते सांगणार नाही. येईन."

त्यानंतर मला एकच काम होतं, काही न करण्याचं. दादा रोज येऊन विचारायचे, "झाडलं न्हाई ना?" शाळेच्या ओट्यावर खडीची भुकटी साठलेली, खिडक्यांच्या गजांवर थर, आणि मी हात बांधून बसलेली. नोकरीत मी पूर बघितले, निवडणुका घेतल्या, पण इतकं कष्टाचं काम दुसरं केलं नाही. एकदा मी नकळत झाडू उचलला तर दादांनी तो काढून घेतला आणि कपाटामागे ठेवला. "तुमच्या हाताला खाज सुटली जनू," म्हणाले.

साहेब एका मंगळवारी अकराच्या सुमाराला आले. वर्गात शिरायला त्यांना जागा मिळाली नाही. उंबऱ्यापर्यंत मुलं होती, गणवेशातली, बिनगणवेशाची, धाकट्या भावंडांना मांडीवर घेऊन बसलेली. व्हरांड्यात दोन वर्ग पाठीला पाठ लावून दोन वेगवेगळे पाढे म्हणत होते. साहेब उन्हात उभे राहून खिडकीतून बघत राहिले. उंबऱ्यावरच्या एका मुलीला त्यांनी नाव विचारलं, तिने तेलुगूत काहीतरी लांबलचक सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. साहेबांनी गुरुजींना विचारलं, "ही पटावर आहे?" गुरुजी म्हणाले, "कागद नाहीत साहेब तिचे." साहेब म्हणाले, "कागद मागून येतील. मुलगी आलेली आहे ना? उद्या नाव घाला. सगळ्यांची घाला." तेवढ्यात चहा आला. टेकडीवरून दोन हायवा गेले आणि कपात वर पांढरं काहीतरी तरंगायला लागलं. साहेब कपाकडे बघत थांबले. दादा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घ्या साहेब. साय हाय ती, आमच्या गावची." साहेब खरोखर हसले, आणि कप तोंडाला लावला. मला तेव्हा कळलं की खोल्या मिळाल्या.

मंजुरी यायला पुढे बरेच महिने गेले, मध्ये एकदा फाइल सापडेना तेव्हा दादांच्या पोचा कामाला आल्या. पण खोल्या आल्या. पाया खणला त्या दिवशी दादा खड्ड्याशी खुर्ची टाकून दिवसभर बसले. खोकला तेव्हा सुरू झाला होता, किंवा आधीपासूनच असेल. धुळीने झालं असं लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटतं. मी तसं लिहिणार नाही, कारण ते बिड्याही ओढायचे आणि डॉक्टरांचं कधी ऐकायचे नाहीत. मी दोन्हीबद्दल बोलायचे, ते दोन्हीबद्दल हसायचे.

स्लॅब पडला आणि माझी बदली आली. माझं माहेर-सासर दोन्ही चाकूरकडचं, आई एकटी, आंतरजिल्हा बदलीचा अर्ज मीच कितीतरी वर्षांपूर्वी केलेला. मिळाली तेव्हा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. चार्ज देण्याच्या दिवशी सकाळी लवकर पोचले. कान आणि खांद्यामध्ये फोन दाबलेला, पलीकडे तालुक्याचे साहेब याद्या मागत होते. दुसऱ्या खांद्यावर दप्तर, एका हातात किल्ल्यांचा जुडगा. नवा माणूस दहाला यायचा होता, त्याला टेबल स्वच्छ द्यावं म्हणून मी दुसऱ्या हाताने फडकं काढलं आणि पुसायला लागले. हात सराईत होता. वरची, नेहमीची 'येऊन गेलो' ही ओळ केव्हाच गेली होती. तेव्हा माझं लक्ष गेलं की खाली आणखी एक ओळ आहे. सात वर्षांत दादांनी टेबलावर कधी दुसरी ओळ लिहिली नव्हती. तिचं शेवटचं अक्षर मला फडक्याखाली जाताना दिसलं. कोणतं होतं ते कळलं नाही. हात तोवर टेबलाच्या कडेपर्यंत गेला होता.

दादा त्या दिवशी मुलीकडे भोकरला गेले होते. पहाटे, एसटीच्या आधी, येऊन गेले असणार. दुपारी मी फोन केला. म्हटलं, "दादा, टेबलावर काय लिहिलं होतं?" ते म्हणाले, "वाचलं न्हाई?" मी म्हटलं, "पुसलं." पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा, मग पुन्हा हसण्याचा. "भाऊसाहेब, तुमच्या फडक्याला काय म्हनावं... आता फोनवर न्हाई सांगत. खोल्यांत पोरं बसली की या. तवा सांगतो." मीही हसले. काय घाई होती? त्यानंतर आम्ही पुष्कळदा बोललो. खिडक्या बसल्या, फरशी झाली, बांधकामाच्या गुत्तेदाराने दार हलकं दिलं, त्यावर नवी दरखास्त कशी लिहायची, सगळं बोललो. त्या ओळीचं मी पुन्हा विचारलं नाही. प्रत्यक्ष भेटीसाठी ठेवलेली गोष्ट होती ती. दोनदा निघायचं ठरवलं, दोन्ही वेळा इथे काहीतरी निघालं, एकदा तपासणी, एकदा आईचा डोळा. उद्घाटनाची तारीख ठरत नव्हती म्हणून दादांनी उद्घाटनाआधीच मुलं आत बसवली आणि मला फोन केला, "बसली बगा पोरं. या आता." मी म्हटलं, "येते दादा, पुढच्या आठवड्यात." ते त्यांच्याशी झालेलं शेवटचं बोलणं. पुढच्या आठवड्यात मी खरंच गेले, पण त्यांच्या जलदान विधीला.

पाथरवाडीच्या विहारात माणसं मावत नव्हती. बाकीच्या चारही गावांची आली होती, वसाहतीतल्या बायका मुलं कडेवर घेऊन बाहेर उभ्या होत्या. वंदना झाली. मी कमलवहिनींजवळ बसले, दादांच्या पत्नीजवळ. त्या रडत नव्हत्या, आल्या-गेल्याला पाणी विचारत होत्या. गर्दी पांगल्यावर मी त्यांना विचारलं, दादा कधी टेबलावरच्या त्या ओळीचं काही बोलले होते का. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला काय म्हाईत बाई? घरात कवा लिवलं न्हाई त्यांनी काई. मी रोज सकाळी सगळं पुसत्ये की." आणि मग, जरा वेळाने, पदर सावरत म्हणाल्या, "एकदा तरी ठिवायला पायजे व्हतं पुसायचं..." आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. दोन स्वच्छ बायका.

परतताना नव्या खोल्यांपाशी गेले. सुट्टी होती, कुलूप होतं. खिडकीतून बाक दिसले, भिंतीवर कुणीतरी तेलुगू आणि मराठी दोन्ही अक्षरं खडूने लिहिलेली. मग कार्यालयात गेले. रेखाने माझं जुनं टेबल दाखवलं, नवे भाऊसाहेब रजेवर होते, आठवड्याची धूळ बसली होती. पांढरी, सपाट, काठापासून काठापर्यंत. मी बराच वेळ बघत उभी राहिले. तिच्यावर काही नव्हतं. असणार कुठून? पण मी हात लावला नाही आणि रेखालाही लावू दिला नाही.

चाकूरला माझं टेबल काचेचं आहे. इथे क्रशर नाहीत, टेकडी नाही, चहूकडे सोयाबीन आणि तूर. आल्या आल्या शिपाई टेबल पुसून ठेवायचा. मी त्याला सांगितलं आहे, माझं टेबल मी पुसत जाईन. त्याला वाटतं मॅडमना त्याचं काम पसंत नाही. रोज सकाळी दप्तर ठेवते, पिवळं फडकं काढते आणि हात खाली नेण्याआधी थांबून काच नीट बघते, उजेडाकडे वाकून, एका बाजूने. इथे धूळ अशी बसतच नाही. फार तर एक पुसट थर, त्यावर कुणाचं बोट उमटलेलं नसतं. तेवढं पाहून घेते.

मग पुसते.